पडद्यावरची नवरी आणि शेवंतीबाई

आमच्या डोंबिवलीच्या शाळेची घंटा एकतीस वर्षं शेवंतीबाईंनी दिली. घड्याळाकडे बघून त्या घंटा देत नसत. लाकडी हातोडी हातात घेऊन व्हरांड्यात उभ्या राहत आणि एखाद्या वर्गात कविता शेवटच्या ओळीवर आली असेल, तर ती ओळ संपेपर्यंत हातोडी हवेतच थांबे. मुख्याध्यापिकांनी त्यावरून त्यांना दोनदा लेखी समज दिली. दुसरा कागद घेऊन त्या माझ्याकडे आल्या.

"बाई, वाचा हो. माझा चष्मा घरी हाय."

"वेळेवर घंटा द्यावी, असं लिहिलंय."

"मी येलंवरच देते," त्या शांतपणे म्हणाल्या. "त्यांचं घड्याल घाईत हाय."

शेवंतीबाई आगरी बोलतात. ती बोली माझी नाही. कानाला ऐकू येते तशी लिहिते आहे, चूक असेल तर ती माझ्या कानाची.

त्यांचं गाव दिवा स्टेशनजवळ, खाडीला लागून. आता तिथे गाव शोधावं लागतं. दोन सातमजली इमारतींच्या मध्ये त्यांचं कौलारू घर आहे, दारात तुळस, आणि पलीकडे पाण्याच्या टँकरसाठी लावलेली निळ्या पिंपांची रांग. त्यांचे यजमान कुंडलिकराव तरुणपणी मिठागरावर होते, नंतर एका कारखान्याच्या फाटकावर. बोलके गृहस्थ. बायकोची थट्टा केल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही.

शाळेत शेवंतीबाई शिपाई होत्या, पण गावात त्यांना वेगळा मान होता. त्या धवलारीण. आगरी लग्नात हळदीपासून नवरी मांडवात येईपर्यंत प्रत्येक विधीला धवला, म्हणजे लग्नगीत, म्हणायचा असतो आणि तो म्हणणारी बाई ती धवलारीण. भटजी असले तरी तिचा शब्द मोठा. शेवंतीबाईंना हे सासूकडून मिळालं होतं. पुस्तक नाही, वही नाही, सगळं डोक्यात. लग्नसराईत त्यांचे रजेचे अर्ज मी लिहून देत असे. कारण: लग्न. एकदा मुख्याध्यापिकांनी विचारलं, "अहो, तुमच्या घरात लग्नं तरी किती?" शेवंतीबाई म्हणाल्या, "घर मोठं हाय."

सासूने त्यांना एक नियमही दिला होता. मांडव नाही, नवरी नाही, तर धवला नाही. स्नेहसंमेलनात, महिला दिनाला, कुणी कितीही आग्रह केला तरी त्या गायल्या नाहीत. "खोट्याखोट्या नवरीला मी काय सांगू?" म्हणायच्या.

आणि मग चार वर्षांपूर्वी तो धवला बंद झाला. सख्ख्या भावाच्या नातीचं लग्न होतं. शेवंतीबाई हिरवं लुगडं नेसून मांडवात बसल्या होत्या. नवरी येण्याच्या वेळी डीजे सुरू होता. कुणीतरी येऊन म्हणालं, "आजी, दोन गानी होऊ दे, मंग तुमचं." दोनाची सहा झाली. धुराच्या यंत्रातून नवरी आली, फटाके उडाले, अक्षता पडल्या. कुणी मुद्दाम काही केलं नव्हतं. विसरले, इतकंच. शेवंतीबाई जेवून घरी आल्या आणि लुगडं घडी करून ट्रंकेत ठेवलं. त्यानंतर दोन बोलावणी आली, त्यांना नाही म्हणाल्या. मग बोलावणीही थांबली.

हे मला कुंडलिकरावांनी सांगितलं. स्वतः शेवंतीबाईंनी मला एकच वाक्य सांगितलं होतं: "पोर मुकीच आत आयली, बाई."

गेल्या दिवाळीत माझी जुनी विद्यार्थिनी ऋजुता भेटायला आली. शाळेत अबोल मुलगी, माझ्या निबंधाच्या वहीच्या समासात होड्या काढायची. आता ती आणि तिचा मित्र साकेत मिळून व्हिडिओ गेम बनवतात. मावशीच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये दोन टेबलं, चार संगणक, एवढाच कारखाना. दोन वर्षं खपून त्यांनी एक खेळ तयार केला होता. जानेवारीत ठाण्याला घोडबंदर रस्त्यावर मोठं प्रदर्शन भरणार होतं. अजून बाजारात न आलेले खेळ तिथे पहिल्यांदा दाखवतात. लोक येतात, खेळून बघतात, आणि आपण कोणत्या खेळाची सगळ्यात जास्त वाट बघणार ते एका फळ्यावर चिकटी लावून सांगतात. यांनाही तिथे कोपऱ्यातलं एक टेबल मिळालं होतं.

"खेळ कसला गं?" मी विचारलं.

"होडीचा, बाई. धुकं पडलंय, खाडीला ओहोटी लागलीय, आणि नवरीला होडीतून पलीकडच्या मांडवात पोचवायचंय. खारफुटीतून वाट दिसत नाही. मांडवातून गाणं ऐकू येतं. गाणं स्पष्ट होत गेलं की वाट बरोबर. पुसट झालं की चिखल."

"म्हणजे कानांनी खेळायचं."

"हो! आणि गाण्यासाठी आम्ही तिघींचे आवाज घेऊन बघितले. छान गातात, पण त्या कार्यक्रमात गातात तसं गातात." ती खुर्ची पुढे ओढून बसली. "बाई, आठवीत असताना शेवंतीमावशी पिण्याच्या पाण्याची टाकी भरताना काहीतरी गुणगुणायच्या. तुम्ही मला त्यांच्याकडे न्याल?"

मला पुढचं दिसत होतं, तरी तिला आणि साकेतला नेलं.

शेवंतीबाईंनी पोळीसारख्या पातळ भाकरीबरोबर सुकटीची चटणी वाढली, मला वेगळी लसणाची. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "नाय गो पोरी. धवला बंद केलाय मी."

"मावशी, एकदाच."

"एकदा काय नि दहादा काय. नवरी लागते."

"नवरी आहे ना! ही बघा." ऋजुताने लॅपटॉप उघडला. पडद्यावर धुकं, पाणी, आणि होडीत पिवळ्या साडीत बसलेली एक लहानशी आकृती. होडी हलली की तिचा पदर हलत होता.

शेवंतीबाई बराच वेळ बघत राहिल्या. "नाव काय हिचं?"

ऋजुताने साकेतकडे पाहिलं. साकेत म्हणाला, "नाव असं... आम्ही फाइलमध्ये 'नवरी एक' ठेवलंय."

"आईस कोन? बापूस कोन?"

"ते कथेत येत नाहीत मावशी."

"आन नवरा?"

साकेत हळूच म्हणाला, "मांडव आला की खेळ संपतो. नवरा काढलेला नाही."

कुंडलिकराव ओट्यावरून ओरडले, "अरं, नवराच नाय? मंग पोर चिखलातशी चालली कोनाकडं?"

शेवंतीबाई हसल्या नाहीत. "धवल्यान पयले नाव घेतात, पोरा. आईबापाचं, गावाचं, कुलदेवीचं. बिननावाच्या पोरीला कोन बोलावनार? तिला तरी कसं समजंल का आपल्याला बोलावतात?"

ऋजुता बारीक आवाजात म्हणाली, "मग तुम्हीच ठेवा ना नाव."

इथेच त्यांचं मन वळलं असावं. शेवंतीबाईंनी पडद्यावरच्या त्या आकृतीकडे पुन्हा पाहिलं. "एकटीच बसलीय," त्या स्वतःशीच बोलल्या. मग म्हणाल्या, "जमना. बापूस धाकू. आईस रखमाबाई. आन नवरा काढा. चांगला काढा, नाकाडोल्यानी. मंग बघू."

दोन रविवारांनंतर साकेतने नवरा काढून आणला. कुंडलिकराव तो बघून म्हणाले, "ह्यो तं तूच हायस रं! तेवढी दाढी उडवली." साकेत लाजला, आरसा समोर ठेवूनच काढला होता म्हणे.

आवाज घेण्याच्या दिवशी मीही गेले होते. फ्लॅटच्या आतल्या खोलीत भिंतींना गाद्या उभ्या करून लावल्या होत्या, बाहेरच्या रिक्षा ऐकू येऊ नयेत म्हणून. शेवंतीबाई आल्या त्या हिरवं लुगडं नेसून. ट्रंकेतल्या डांबरगोळ्यांचा वास त्यांच्याबरोबर आला. हातात हळदीकुंकवाचं ताट. त्यांनी संगणक पूर्वेला वळवायला लावला.

"मावशी, स्क्रीनला हळद नको, स्क्रीनला नको," साकेत काकुळतीला आला.

"कपाली लावते रं, गालाला नाय," म्हणत त्यांनी वरच्या काळ्या चौकटीवर बोट टेकवलं. तो डाग अजून तिथे आहे.

मग त्या गायल्या. चाळीस मिनिटं. गाणं म्हणावं असं ते नव्हतं. हाक आणि बोलणं यांच्या मधलं काहीतरी, एका सुरावर चालत जाणारं, कुठेच घाई नसलेलं. जमनाचं नाव आलं, धाकूचं, रखमाबाईचं, खाडीचं. गादीला टेकून बसलेली ऋजुता डोळे मिटून ऐकत होती. एका जागी शेवंतीबाई थांबल्या, तांब्यातलं पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "झाला. आता नवरी येल तवा."

"हो मावशी, नक्की!" ऋजुता म्हणाली आणि त्यांना मिठी मारली.

आम्ही तिघंही तिथे होतो. वाक्य तिघांनीही ऐकलं. कुणाच्याही डोक्यात काही आलं नाही. होडी मांडवाला लागण्याच्या जागी साकेतने छान सनई टाकली होती. खेळ पूर्ण झाला असं त्यांना वाटलं, आणि मलाही.

प्रदर्शनाच्या दिवशी कुंडलिकरावांच्या भाच्याने टेंपो काढला. टेंभी नाक्यावर मला घेतलं. मी आदल्या दिवशी बहिणीकडे राहायला आले होते. टेंपोत चढताना पाहते तो कुंडलिकराव पांढरा सदरा, पांढरी टोपी, खांद्यावर नवा लाल रुमाल.

"काय हो, नटलात अगदी!"

"पोरीचा बापूस नको का कोनी? धाकू तं नाय येनार."

सभागृह भलं मोठं. एकीकडे तलवारधारी योद्धे भिंतीएवढ्या पडद्यांवर लढत होते, दुसरीकडे यानं उडत होती, तिसरीकडे मोटारी. तरुण मुलांच्या रांगाच रांगा. आत येणाऱ्या प्रत्येकाला एक गोल पिवळी चिकटी मिळत होती, आवडत्या खेळाच्या नावापुढे लावायला. कुंडलिकराव आत शिरताच जे गायब झाले, ते तासाभराने सापडले. कोलकात्याच्या दोन मुलांनी मासेमारीचा खेळ आणला होता, तिथे हे जाळं टाकत बसले होते.

"शेवंते, जालं टाकाचं बराबर दाखवलंय गो! हाताला तान लागते!"

"आन चिकटी?"

कुंडलिकराव टोपी नीट करू लागले. चिकटी त्यांनी मासेमारीला लावून टाकली होती. "मना काय माहीत एकच मिलते."

"सोताच्या पोरीला सोडून मासं बघाला गेला," शेवंतीबाई मला म्हणाल्या. "असा बापूस." मी माझ्या मुठीतली चिकटी घाईने जमनाच्या खेळापुढे लावली. खरं सांगायचं तर मलाही एक डोंगरातल्या पोस्टमनचा खेळ फार आवडला होता.

पण ऋजुताच्या टेबलाशी काही ठीक नव्हतं. लोक येत, कानाला हेडफोन लावत, होडी सोडत, आणि दोन मिनिटांत चिखलात रुतत. दुसऱ्यांदा रुतले की उठून जात. बाराच्या सुमाराला फळ्यावर अडतीस खेळांमध्ये त्यांच्या नावापुढे तीन चिकट्या होत्या; त्यातली एक माझी, एक टेंपोवाल्या भाच्याची. सकाळपासून एकही माणूस मांडवापर्यंत पोचला नव्हता. साकेत नखं खात होता. ऋजुता म्हणाली, "खूप अवघड झालाय का रे? वाट रुंद करायला हवी होती."

शेवंतीबाई टेबलामागे स्टुलावर बसून होत्या, हिरव्या लुगड्यात, मांडीवर हात ठेवून. त्या चार वर्षांपूर्वीच्या मांडवातही अशाच बसल्या असतील, असं मनात आलं आणि मी दुसरीकडे बघितलं.

तेवढ्यात एक मुलगी आली. गळ्यात कचेरीचं ओळखपत्र, त्यावर नाव निशा. तिनेही होडी चिखलात घातली. "शी, पुन्हा!" म्हणत ती उठणार, तर मागून आवाज आला.

"बस गो. उठतेस कंला? बघतेस कं तू सारखी?"

निशा दचकून वळली. "बघू नको तर काय करू, आजी?"

"धुक्यान काय दिसनार हाय? आयक. कानावरचं ते काढ, मना पन आयकू दे."

साकेतने हेडफोन काढून आवाज स्पीकरवर सोडला. हॉलच्या गलक्यात शेवंतीबाईंचा स्वर उमटला, बारीक. स्टुलावरच्या शेवंतीबाई पुढे सरकल्या.

"आता डावीकडं घे. बारीक झाला ना मी? मंग तिकडं चिखल. परत ये. हं. आता नाव आयकू येतंय का बघ, मी जमना बोलते ते. जिकडं जमना साफ, तिकडं चल. घाई नको. पानी काय पलून जात नाय."

निशाने डोळे मिटले. खरंच मिटले. बोटं हळूहळू फिरू लागली. होडी एका खारफुटीला वळसा घालून गेली, मग दुसऱ्या. स्वर मोठा होत गेला. मागे दोघं-चौघं उभे राहिले. कुंडलिकराव "सांभाल, सांभाल, पोरगी बसलीय आत," म्हणत होते. आणि एकदम धुकं फाटलं. दिवे, तोरण, मांडव. साकेतच्या चेहऱ्याचा नवरा मुंडावळ्या बांधून उभा. होडी काठाला लागली आणि सनई सुरू झाली.

"आयली!" निशा ओरडली.

शेवंतीबाई उठल्या. "बंद कर ती सनई."

"मावशी?" ऋजुताला कळेना.

"बंद कर गो! नवरी आयलीय."

तो स्वर मी एकतीस वर्षांत ऐकला नव्हता. ऋजुताने आवाज बंद केला. आणि शेवंतीबाई गायल्या. फ्लॅटमध्ये ऐकलं त्याहून हे निराळं होतं. तिथे त्या हाक मारत होत्या. इथे आलेल्या मुलीला हाताला धरून आत घेत होत्या. पाय धू, उंबरा ओलांड, जमना, ही तुझी माणसं. आवाज चढला तो हळूहळू, पण चढला, आणि शेजारच्या टेबलावरच्या मुलांनी आपल्या तलवारींचा खणखणाट आपणहून कमी केला. तीन मिनिटं असतील. शेवटचा सूर त्यांनी सोडला आणि पडद्याच्या चौकटीवर हलकेच बोट टेकवलं.

टाळ्या पडल्या. कुंडलिकराव लाल रुमालाने डोळे पुसत होते. मी पाहतेय म्हटल्यावर म्हणाले, "एशी हाय ना इथं. वारा डोल्यान जातो."

ऋजुता रडत हसत होती. "मावशी, हे त्या दिवशी का नाही गायलात?"

"त्या दिवशी आयली कुठं व्हती ती? होडीनच व्हती. मी बोल्ली ना, नवरी येल तवा. मना वाटलं तुमी बोलवाल."

ऋजुताने माझ्याकडे बघितलं आणि मी तिच्याकडे. दोघी सारख्याच नापास.

त्यानंतर त्या टेबलापुढे रांग लागली. चिखलात रुतलेले सकाळचे लोक परत आले. मांडवापर्यंत पोचलं की त्या आजी उभ्या राहून गातात, ही बातमी सभागृहभर गेली होती. मुलं डोळे मिटून, ओठ चावून होडी चालवत होती आणि शेवंतीबाई स्टुलावरून रागवत होत्या. "अरं, किती घाई! ह्यो पोरीला पानीनच टाकील." संध्याकाळपर्यंत जमना अकरा वेळा मांडवात आली. अकराही वेळा त्या गायल्या, पूर्ण, एक शब्द न गाळता. मी म्हटलं, "दमलात का?" तर म्हणाल्या, "शालंन आठ तास घंटा देत व्हते का नाय?"

शेवटच्या वेळी साकेतने विचारून माईक पुढे धरला. ते कडवं आता खेळात आहे. मागे टाळ्या ऐकू येतात, कुणाची तरी शिट्टी, आणि कान देऊन ऐकलं तर कुंडलिकरावांचा खोकला. साकेत तो काढून टाकणार होता. ऋजुताने राहू दिला. लग्नात खोकणारं कुणीतरी असतंच, म्हणाली.

फळ्यावर त्यांचा खेळ चौथा आला. मासेमारी दुसरी. कुंडलिकराव घरी जाईपर्यंत त्याचं श्रेय घेत होते.

सामान आवरत असताना निशा परत आली. दिवसभर ती तिथेच घुटमळत होती. "आजी, माझं लग्न आहे मार्चमध्ये. शहाडला. आम्ही पण आगरीच, पण आमच्याकडे आता धवला कुणी म्हणत नाही. माझ्या आजीच्या लग्नात होता म्हणतात." ती अडखळली. "याल?"

शेवंतीबाईंनी पिशवीची गाठ मारता मारता विचारलं, "डीजे हाय का?"

"आहे. भावाने ठरवलाय. पण तुम्ही म्हणाल तेव्हा बंद करू."

"मी नाय बोलनार. तू बोलाचं. नवरीनं हात वर केला का बंद."

"करीन."

"कर बघू."

निशाने तिथेच, सगळ्यांसमोर, उजवा हात वर केला. शेवंतीबाईंनी तो नीट पारखून बघितला, पिशवी खाली ठेवली आणि परत स्टुलावर बसल्या.

"हं," त्या म्हणाल्या. "आता सांग. आईसचं नाव काय?"